ठरावाने दिले, ठरावाने काढून घेतले

महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. मुंबई कायदेमंडळातील १९२३ च्या बोले ठरावाची ही अंमलबजावणी, अर्थात कागदावरची. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांबरोबर आपली माणसे तळ्यावर गेली, पाणी प्याली आणि त्याबद्दल त्यांनी मार खाल्ला, हे या वाचकांना सांगायला नको. पण त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला, याकडे आपण फारसे पाहत नाही. तिचा हात धरील असा कोणताही मूलभूत हक्क तेव्हा अस्तित्वात नव्हता.

पुढे सवर्णांनी दावा लावला. आम्हांला दूर ठेवण्याची रूढी हाच म्हणे त्यांचा हक्क! १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. आपण जिंकलो. पण कशावर? ही रूढी अनादी काळापासूनची आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नाही, यावर. अन्याय पुरेसा जुना ठरला असता तर?

राज्यघटनेचे १३ वे कलम या प्रश्नासमोर ठेवून वाचावे. मूलभूत हक्कांचा संकोच करणारा कायदा राज्याला करता येत नाही. केला तर तेवढ्यापुरता तो रद्दबातल. इथे 'कायदा' या शब्दात रूढीही धरली आहे आणि १२ व्या कलमाने 'राज्य' या शब्दात नगरपालिकाही. १५ व्या कलमात तर विहिरी, तलाव, स्नानाचे घाट नाव घेऊन सांगितले आहेत.

मात्र हीच तटबंदी लवकरच आपल्याविरुद्ध वापरली गेली. मद्रास सरकारच्या जातवार जागावाटपात दर १४ जागांपैकी २ हरिजनांना होत्या. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण अर्जदार बाईंनी वैद्यकीय प्रवेशासाठी अर्जही केलेला नव्हता. तरी ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश मूलभूत हक्कांविरुद्ध ठरवला. दुर्बलांचे हित जपण्यास सांगणारे ४६ वे कलम मार्गदर्शक तत्त्व, ते हक्कांपुढे दुय्यम, असा निर्णय झाला.

जून १९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीने १५(४) आले; कायदामंत्री बाबासाहेबच होते. याच दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधही वाढले, हे लपवू नये. पण त्यासाठी संसदेत उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सभासदांची दोन-तृतीयांश मते लागली. महाडला एक साधा ठराव पुरला होता.