ॲडेनोसिन डिॲमिनेज

ॲडेनोसिन डिॲमिनेज (संक्षेप: एडीए) हे प्युरिन न्यूक्लिओटाइडांच्या विघटनमार्गातील एक विकर, म्हणजेच एन्झाइम, आहे. ते शरीरातील बहुतेक ऊतींत आढळते. लसीका पेशींत त्याची क्रियाशीलता विशेष असते. त्याचे जनुक २० व्या गुणसूत्रावर आहे.

कार्य

न्यूक्लिओटाइडेज विकरे न्यूक्लिओटाइडातील फॉस्फेट गट वेगळा करतात व न्यूक्लिओसाइड उरते. त्यानंतर एडीए हे ॲडेनोसिन व डीऑक्सिॲडेनोसिन यांच्यातील अमिनो गट काढून टाकते. त्यांपासून अनुक्रमे इनोसिन व डीऑक्सिइनोसिन बनते आणि अमोनिया मुक्त होतो. पुढे हायपोझँथिन व झँथिन या टप्प्यांतून शेवटी यूरिक आम्ल तयार होते.

कमतरता

एडीएच्या अभावी डीऑक्सिॲडेनोसिन साठून त्याचे डीऑक्सिएटीपीमध्ये रूपांतर होते. हे द्रव्य डीएनएचे घटक बनविणाऱ्या विकरास रोखते. परिणामी लसीका पेशींची वाढ खुंटते व बालकाची प्रतिकारशक्ती जवळजवळ नाहीशी होते. या विकारास तीव्र संयुक्त प्रतिकारशक्तिन्यूनता म्हणतात. त्याचा एडीएशी असलेला संबंध १९७२ मध्ये एलोइझ गिब्लेट व सहकाऱ्यांनी दाखविला. हा विकार अप्रभावी स्वरूपाचा आहे. माता व पिता या दोघांकडून सदोष जनुक आल्यासच तो उद्भवतो. उपचार न झाल्यास बालक सहसा पहिल्या एक-दोन वर्षांतच संसर्गाने दगावते.

उपचार

जुळणाऱ्या दात्याच्या अस्थिमज्जेचे रोपण हा प्रमुख उपाय होय. दाता न मिळाल्यास विकराची इंजेक्शने नियमित द्यावी लागतात. १४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत या विकाराच्या चार वर्षांच्या मुलीवर मान्यताप्राप्त जनुकोपचाराचा पहिला प्रयोग झाला. तिची विकराची इंजेक्शनेही चालू असल्याने केवळ जनुकाचा परिणाम किती, हे ठरविणे अवघड गेले. पुढे मूळ पेशींवर आधारित जनुकोपचारास २०१६ मध्ये युरोपात मान्यता मिळाली.

निदानातील उपयोग

क्षयरोगामुळे फुप्फुसाच्या आवरणात साठलेल्या पाण्यात जंतू अल्प असतात व ते वाढवून पाहण्यास अनेक आठवडे लागतात. अशा वेळी त्या पाण्यातील एडीएचे प्रमाण मोजतात. ते लिटरमागे सुमारे ४० एककांहून अधिक असल्यास क्षयरोगाचा संशय बळावतो. तथापि पू होणे, संधिवात व काही कर्करोग यांतही ते वाढते. तसेच जंतू औषधांना दाद देतील की नाही, हे या चाचणीने कळत नाही. म्हणून तिचा अर्थ इतर तपासण्यांच्या जोडीनेच लावला जातो.

औषधनिर्मिती

एडीएस रोखणारे पेंटोस्टॅटिन हे औषध हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात वापरले जाते. ज्या क्रियेच्या अभावाने बालकाच्या लसीका पेशी नष्ट होतात, तीच क्रिया येथे कर्करोगी पेशींत हेतुतः थांबविली जाते.