वालूरच्या बारवेचे पुरे झालेले चित्र

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात वालूरला एक चक्राकार बारव आहे. तिच्या पायऱ्या नाकासमोर खाली जात नाहीत, वळत वळत उतरतात. काठावरून पाहिले तर दगडात रेखलेला भोवराच दिसतो. गाळ आणि झाडोऱ्याने हे रेखाटन बुजत गेले होते. गेल्या काही वर्षांत गावकऱ्यांनी गाळ उपसला आणि ते पुन्हा उलगडले. एका अनाम स्थपतीचे टाकून दिलेले चित्र त्यांनी पुरे केले, असे मी म्हणेन. बारव ही पाण्याची सोय, तिला चित्र का म्हणायचे, असा प्रश्न कोणी विचारील. पण इथे रेषा आणि उपयोग वेगळे काढता येत नाहीत. पावसाळ्यात पाणी वर येते, चैत्र-वैशाखात तळाला जाते. पाणी कुठल्याही पातळीला असो, माणसाला पायरीवरून तिथवर पोहोचता यावे म्हणून ही रेषा आहे. ती गाळात थांबली की चित्रही अपुरे आणि सोयही अपुरी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नवी रेघ न ओढता चित्र पुरे कसे होते? याला अजिंठ्याचा पुरावा उपयोगी पडतो. तिथले 10 क्रमांकाचे लेणे ख्रिस्तपूर्व काळातले. भिंतीवर षड्दंत जातकाची जुनी चित्रे आहेत, आणि काही शतकांनंतर, वाकाटक काळात, चित्रकारांनी खांबांवर बुद्धप्रतिमा रंगवल्या. ती भर शोभते, कारण लेणे तेव्हा पूजेचे होते आणि भर घालणारे त्याच परंपरेतले होते. उलट 1920च्या सुमारास हैदराबाद संस्थानाने लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी सावरला, हे उपकारच. पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडून काळवंडला. मूळ रंग दिसावेत म्हणून नंतरच्या रसायनतज्ज्ञांना तो थर काढावा लागला. म्हणजे जुने काम पुरे करणे कधीकधी घालण्यापेक्षा काढण्यातच असते.

मग बारवेचे ढासळलेले दगड तसेच ठेवायचे काय? नाही. ज्या दगडाची जागा खुणांवरून ठरते, तो तिथेच बसवावा. नवा दगड घालावाच लागला तर तो नवा म्हणून ओळखू यावा. सांधे सिमेंटने लिंपू नयेत, कारण भोवतालच्या जमिनीतले पाणी त्याच सांध्यांतून आत झिरपते. आणि पहिला दगड हलवण्याआधी पायरी न् पायरी मोजून आराखडा कागदावर उतरवावा. तो काढताना प्रत्येक वळण तिथेच का घेतले, हे विचारावे लागते, आणि त्या उत्तरांतूनच स्थपतीचा विचार हाती लागतो. मराठवाड्यातल्या कितीतरी बारवा अजून गाळाखाली आहेत. त्यांचे काम टिकाव-फावड्याइतकेच पेन्सिलीनेही सुरू व्हायला हवे.