किल्ली हरवलेलीं अक्षरें

महानुभाव पंथाचें प्राचीन वाङ्मय शतकानुशतकें सांकेतिक लिप्यांत बंद होतें, ही गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. पोथ्या होत्या, त्यांच्या प्रति होत होत्या, पंथांत त्यांचें पठणही चाले. परंतु पंथाबाहेरील मराठी माणसास त्यांतील एक ओळही लागत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभीं वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृति संशोधकांनीं 'सकळ' लिपीची किल्ली उजेडांत आणली, तेव्हां मराठी गद्याच्या आरंभकाळचे ग्रंथ सर्वांस दिसूं लागले. भाषा मराठीच होती. अडत होतें तें एवढ्यावरच कीं, कोणतें चिन्ह कोणत्या अक्षराबद्दल योजिलें आहे याचें कोष्टक वाचणाऱ्यापाशीं नव्हतें.

अशीच अडचण घरगुती संगणकांच्या इतिहासांत अवघ्या पंधरा-वीस वर्षांत वारंवार उद्भवली. फरक इतकाच कीं, येथें कांहीं लपवावें असा हेतु कोणाचाच नव्हता. प्रत्येक कारखानदारानें आपल्या सोईप्रमाणें आपलें कोष्टक बनविलें, शेजाऱ्याच्या कोष्टकाची विचारपूस केली नाहीं, आणि एका यंत्रावर लिहिलेलें दुसऱ्यास वाचतां येईनासें झालें. त्यांतून वाट कशी निघाली हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय वरवर यंत्रशास्त्राचा दिसतो. परंतु मराठी लेखनाच्या जपणुकीशीं त्याचा निकट संबंध आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम एक उदाहरण घेऊं. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यांत करडी नांवाचें गांव आहे. नांव लहान, त्यांत जोडाक्षर नाहीं, म्हणून आमच्या कामास सोयीचें. संगणकाच्या पोटांत अक्षर राहत नाहीं, अंक राहतो. भारतीय भाषांसाठीं १९९१ सालीं मानक म्हणून मान्य झालेल्या 'इस्की' नामक कोष्टकाप्रमाणें क म्हणजे १७९, र म्हणजे २०७, ड म्हणजे १९१ आणि दीर्घ ईकार म्हणजे २२०. आतां हेच चार अंक 'स्पेक्ट्रम' नांवाच्या घरगुती संगणकास दिले व ते पडद्यावर उमटवावयास सांगितलें, तर तो 'कॉस कॅट इन ब्राइट' असें लिहितो! कारण त्याच्या कोष्टकांत १७९ म्हणजे त्रिकोणमितींतील कोज्या, २०७ म्हणजे सूची दाखविण्याची आज्ञा, १९१ म्हणजे बाहेरून अंक आंत घेण्याची क्रिया, आणि २२० म्हणजे रंगाचा उजळपणा. चारही अंक बिनचूक पोंचले. गांव मात्र पोंचलें नाहीं.

हा झाला अक्षरांचा घोटाळा. त्याच्याही अलीकडे एक अडथळा होता, तो वाहनाचा. घरगुती संगणक निघाले तेव्हां चकती वाचणारें यंत्र महाग असे. म्हणून गाणीं ऐकण्याच्या साध्या कॅसेटवरच प्रोग्रॅम, म्हणजे यंत्रास द्यावयाच्या आज्ञांची मालिका, सांठवून ठेवण्याची युक्ति निघाली. अंकांचे आवाज करावयाचे आणि ते फितीवर भरावयाचे. १९७५ च्या नोव्हेंबरांत 'बाइट' या अमेरिकन मासिकाच्या पुढाकारानें कॅन्सस सिटी येथें जाणत्यांची एक सभा भरली, आणि तींत या आवाजांचा एक संकेत ठरला. शून्य दाखवावयाचें तर सेकंदास १२०० कंपनांच्या स्वराचीं चार आवर्तनें. एक दाखवावयाचा तर २४०० कंपनांच्या स्वराचीं आठ. दोहोंस वेळ सारखाच लागे, आणि सेकंदाला असे ३०० संकेत जात. या गतीनें ४८ किलोबाइट मजकूर भरावयास सुमारें अर्धा तास लागे. गति मंद, पण रीत सर्वांची एक, असा तो करार होता.

तो टिकला नाहीं. स्मृति वाढली, गिऱ्हाइकास अर्धा तास थांबवेना, आणि जो तो आपापली जलद रीत काढूं लागला. १९८१ च्या अखेरीस ब्रिटनमध्यें निघालेल्या 'बी. बी. सी. मायक्रो' या संगणकानें १२०० आणि २४०० कंपनांचे तेच दोन स्वर ठेवले, पण गति चौपट केली. १९८२ सालीं आलेल्या स्पेक्ट्रमनें स्वरांची जोडीच सोडली. त्याच्या रीतींत एकाचा ठोका शून्याच्या ठोक्याहून दुप्पट लांब, एवढाच भेद असे. त्यामुळें ४८ किलोबाइट पांच मिनिटांच्या आसपास भरून होत. माणसाच्या कानास दोन्हीं फिती सारख्याच कर्कश वाटत. एका यंत्राची फीत दुसऱ्याच्या कॅसेटयंत्रांत बसे आणि फिरेही. मात्र संगणक शेवटपर्यंत वाट पाहत राही, कारण त्याच्या दृष्टीनें त्या आवाजांत कांहीं लिहिलेलेंच नसे.

आपल्या देशांतही हीं दोन्हीं यंत्रें आलीं. १९८४ सालीं केंद्र सरकारनें शाळांतून संगणकाची ओळख करून देण्यासाठीं 'क्लास' नांवाची योजना काढली. आरंभीं सुमारें २५० शाळा निवडल्या, आणि त्यांस बी. बी. सी. मायक्रो देण्यांत आले. पुढें १९८६ च्या सुमारास डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें रीतसर परवाना घेऊन स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ति बाजारांत आणली. याचा अर्थ असा कीं, शाळेंत एका जातीचा संगणक आणि घरीं दुसऱ्या जातीचा, असा योग एखाद्या विद्यार्थ्याच्या वांट्यास सहज येऊं शके. दोहोंचीही भाषा 'बेसिक' या एकाच नांवानें ओळखली जाई. पण शाळेंत केलेला प्रोग्रॅम घरच्या यंत्रांत घालावा म्हटलें, तर नांवापलीकडे कांहीं जुळत नसे.

तें कां, हें सांगितलें पाहिजे. जागा वांचविण्यासाठीं हीं यंत्रें आज्ञेचा शब्द अक्षरशः न ठेवतां त्याबद्दल एकच अंक ठेवीत. पडद्यावर लिहावयास सांगणारी 'प्रिंट' ही आज्ञा बी. बी. सी. मायक्रोंत २४१ या अंकानें राहते, स्पेक्ट्रममध्यें २४५ या अंकानें. स्पेक्ट्रमला २४१ दिला तर तो 'लेट', म्हणजे अमुक किंमत धर, असें समजतो, आणि बी. बी. सी. मायक्रोला २४५ दिला तर तो 'रिपीट', म्हणजे पुनःपुन्हा कर, असें वाचतो. न समजणारा निदान विचारतो तरी. हीं यंत्रें समजल्याच्या खात्रीनें चुकत. आणि जे प्रोग्रॅम बेसिकमध्यें नसून थेट यंत्राच्या भाषेंत लिहिलेले असत, त्यांची तर बातच नको. एका संगणकाचा मेंदु 'झेड ८०' जातीचा, दुसऱ्याचा '६५०२' जातीचा. तेथें भाषांतर नव्हे, नवें लेखनच करावें लागे.

यावर जे उपाय निघाले, त्यांत दोन विशेष लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. पहिला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत १९८१ सालीं तयार झालेला 'कर्मिट'. बाहुल्यांच्या खेळांतील एका बेडकाचें नांव त्यास दिलेलें आहे. विद्यापीठांतील मोठीं यंत्रें आणि विद्यार्थ्यांचे लहान संगणक यांमध्यें तारेवरून मजकूर नेतांना कांहीं अंक वाटेंतच गिळले जात, कारण एखादें यंत्र त्या अंकांस मजकूर न समजतां स्वतःस दिलेली आज्ञा समजे. कर्मिटनें प्रत्येक अवघड अंक साध्या छापण्याजोग्या चिन्हांच्या वेषांत पाठविण्याची रीत घातली, मजकुराचे लहान लहान पुडे केले, प्रत्येक पुड्याबरोबर त्याची बेरीज पाठविली, आणि बेरीज न जुळल्यास तो पुडा पुन्हा मागविला. वाटेंत कोणतें यंत्र काय गिळील याचा भरंवसा नाहीं असें गृहीत धरून तो चालला, म्हणून तो सर्वत्र चालला.

दुसरा उपाय आम्हांस अधिक मनोवेधक वाटतो. हॉलंडमध्यें 'हॉबीस्कूप' नांवाचा एक नभोवाणी-कार्यक्रम होता. प्रोग्रॅम जर आवाजच आहे, तर तो रेडिओवरून कां पाठवूं नये, असें त्याच्या चालकांच्या मनांत आलें. श्रोत्यानें रेडिओजवळ फीत लावावी आणि प्रक्षेपण टिपून घ्यावें. पण श्रोत्यांच्या घरीं यंत्रें नाना जातींचीं. आज एकाचा प्रोग्रॅम, उद्यां दुसऱ्याचा, असें किती दिवस चालणार? तेव्हां १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत 'बेसिकोड' नांवाचा करार जन्मास आला. आवाज एकच ठरला, १२०० आणि २४०० कंपनांचा. आज्ञा अंकांत न पाठवितां पूर्ण शब्दांत पाठवावयाच्या. सर्व यंत्रांच्या बेसिकमध्यें जेवढें समान, तेवढेंच वापरावयाचें. आणि जें प्रत्येक यंत्रांत वेगळें असतें, उदाहरणार्थ पडदा पुसणें, त्याच्यासाठीं १००० च्या आंतील ओळी राखून ठेवावयाच्या. प्रोग्रॅमनें फक्त '१०० व्या ओळीकडे जा' असें म्हणावें. पडदा कसा पुसावयाचा तें त्या त्या यंत्राच्या जाणकारानें एकदांच लिहून ठेवावें.

या कराराची किंमत सर्वांनींच भरली. रंग गेले, चित्रें गेलीं, ज्याच्या जाहिराती कारखानदार करीत तें सारें वैशिष्ट्य गेलें. पडदा २४ ओळींचा आणि ओळ ४० अक्षरांची, एवढ्यांत संसार करावा लागला. पण जें उरलें तें सर्वांचें झालें. पुढें ब्रिटनमध्यें आणि १९८९ च्या सुमारास पूर्व जर्मनींतही बेसिकोडचें प्रक्षेपण झालें. कोणतेंही यंत्र दुसऱ्याहून श्रेष्ठ ठरल्यामुळें हें घडलें नाहीं; प्रत्येकानें आपला थोडा हट्ट सोडल्यामुळें घडलें.

आतां आमच्या घरच्या प्रश्नाकडे वळूं. आयआयटी कानपूर येथें आरंभ झालेलें आणि पुढें पुण्याच्या सी-डॅक या १९८८ सालीं स्थापन झालेल्या संस्थेंत वाढलेलें 'जिस्ट' तंत्र भारतीय लिप्या संगणकावर आणीत होतें. त्याच्याच बरोबरीनें वर सांगितलेलें इस्की कोष्टक सिद्ध झालें. त्यामागील विचार बेसिकोडच्याच कुळांतला होता. ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या लिप्यांची वर्णमाला एक आहे, तर अंकही एक असावेत. म्हणून देवनागरी क, बंगाली क आणि तेलुगु क, तिन्हींचा अंक १७९. आकार निराळा, वर्ण एक.

परंतु बाजार दुसऱ्या वाटेनें गेला. १९९० नंतरच्या दशकांत छापखान्यांतून आणि कचेऱ्यांतून जे संगणक आले, त्यांस देवनागरी ठाऊकच नव्हती. तेव्हां मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेले फॉन्ट निघाले. यंत्रास वाटे आपण इंग्रजी लिहीत आहों. डोळ्यांस मराठी दिसे. काम झालें, पुस्तकें निघालीं, हा त्या फॉन्टांचा उपकार मोठाच आहे. पण कोणता तुकडा कोणत्या खणांत, हें प्रत्येक बनविणाऱ्यानें आपल्या मतानें ठरविलें. जुन्या जुळाऱ्याच्या केसींत खिळ्यांचे खण इकडचे तिकडे झाले असतां जें व्हावें, तें फाईल एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत नेतांच होऊं लागलें.

शिवाय त्या फॉन्टांत वर्ण लिहिलेला नसतो, त्याचें चित्र लिहिलेलें असतें. 'किल्ला' या शब्दांत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांस आधीं दिसते म्हणून ती क च्या आधीं ठेविलेली. 'कर्म' यांतील रफार म वर दिसतो म्हणून तो म च्या नंतर ठेविलेला. उच्चाराचा क्रम नेमका उलट. म्हणून असा मजकूर आजच्या रीतींत आणतांना केवळ अंकास अंक देऊन भागत नाहीं. क्रमही फिरवावा लागतो. त्यांतही मराठीची एक खास जोखीम आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत भेद एवढाच कीं, एकांत रफार, दुसऱ्यांत अर्धचंद्राकृति र. ज्या परिवर्तकानें हा भेद पाळला नाहीं, त्याच्या हातून सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होतो, आणि आचाऱ्यास दिलेला शिधा आचार्यांच्या नांवें जातो. वाचणारा माणूस मध्यें नसेल तर ही चूक कोणाच्या ध्यानांतही येणार नाहीं, कारण दोन्हीं शब्द शुद्ध मराठीच आहेत.

१९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'युनिकोड' या जागतिक कोष्टकानें देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली, आणि २००० सालच्या विंडोजपासून सामान्य संगणकावर ती दिसूं लागली. त्यांत करडी म्हणजे २३२५, २३५२, २३३७, २३६८. आणि हे अंक टोकियोंत, लंडनांत वा मोहाडींत वाचले तरी गांव तेंच. पुढचें मराठी लिखाण आतां सुरक्षित आहे असें म्हणावयास हरकत नाहीं. प्रश्न आहे तो मागचा. त्या मधल्या काळांतील स्थानिक दिवाळी अंक, गांवांच्या स्मरणिका, संस्थांचीं इतिवृत्तें, न छापलेलीं हस्तलिखितें जुन्या चकत्यांत पडून आहेत. चकतीवरील चुंबकीय खूण वर्षागणिक फिकी होते. आणि खूण टिकली तरी ज्या फॉन्टांत ती लिहिली तो फॉन्ट नाहींसा झाला, तर 'सकळ' लिपीची गोष्ट पुन्हा घडेल. मात्र महानुभावांच्या पोथ्यांना निदान पाठ म्हणणारी परंपरा होती. या चकत्यांना ती नाहीं.

तेव्हां ज्यांच्या कपाटांत असें कांहीं असेल, त्यांनीं तें आजच बाहेर काढावें. चकतीबरोबर फॉन्टाची प्रतही जपावी, कारण तीच किल्ली आहे. मजकूर युनिकोडमध्यें आणावा, आणि आणल्यावर घरांतील एखाद्या मराठी जाणणाऱ्या माणसानें तो मूळ छापील प्रतीशीं ताडून ओळ न ओळ वाचावा. कर्मिटची बेरीज अंक चुकला तर सांगते. दरीचा दर्या झाला तर तें सांगावयास माणूसच लागतो.