‘फिरदौस’ : एक शब्द, एक अल्बम

‘फिरदौस’ हा शब्द कुरआनात दोन ठिकाणी येतो, सूरह कहफमध्ये आणि सूरह मोमिनूनमध्ये. अर्थ, जन्नतमधली सर्वांत वरची जागा. पण शब्द मूळचा अरबी नाही. प्राचीन इराणात भिंतीने वेढलेल्या बागेला जे नाव होते, त्यातून तो निघाला. ग्रीकमधून युरोपात जाऊन त्याचा ‘पॅराडाइज’ झाला. ‘शाहनामा’ रचणाऱ्या फिरदौसीच्या नावात तोच आहे. आमच्या मीरा रोडला अत्तराच्या दुकानात ‘जन्नतुल फिरदौस’ची कुपी मागा, लगेच मिळेल.

२०१३ साली हाच शब्द मुंबईच्या एका रॉक बँडने आपल्या पहिल्या अल्बमला दिला. बँडचे नाव ‘कोशिश’. गायक आणि बेस वाजवणारा मंगेश गांधी, ड्रमवर हमजा काझी, गिटारवर अनिश नायर आणि श्रीकांत श्रीनिवासन.

यात विशेष काय, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. मुंबईत रॉक आला तो इंग्रजीतून. १९७० च्या आसपास कॉलेजची मुले परदेशी गाणी हुबेहूब वाजवत, आणि ज्याची नक्कल चांगली तो बँड मोठा. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे याच पिढीतले. पुढे १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त गाऊन त्यांनी तो आवाज मराठी रंगभूमीवर आणला. पण ते अपवाद. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला, धोबी तलावचे रंगभवन तरुणांनी फुलू लागले, तरी मंचावरची भाषा इंग्रजीच राहिली. ‘रॉक मशीन’चा १९८८ मधला पहिला अल्बम स्वतःच्या रचनांचा होता, तोही इंग्रजीत. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’सारख्यांनी वेगळी वाट धरली; मुंबईत मात्र घरी एक भाषा आणि गिटार हातात घेतली की दुसरी, असे बराच काळ चालले.

त्यातही ‘कोशिश’ने निवडला तो प्रोग्रेसिव्ह रॉक. १९६९ मध्ये इंग्लंडच्या ‘किंग क्रिमसन’च्या पहिल्या अल्बमपासून हा प्रकार ठळकपणे ओळखला जाऊ लागला. लांब रचना, मध्येच बदलणारी लय, आणि पुष्कळदा सगळा अल्बम मिळून एकच गोष्ट. सुरुवातीला कान बिचकतो. पण आपल्याला हे इतके परके का वाटावे? सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल आपल्याकडे रोज वाजतो. कव्वालीत वीस मिनिटे एकाच ओळीभोवती फिरत राहणे आपण आनंदाने ऐकतो. धीर धरून ऐकण्याची सवय आपल्याकडे आहेच. ती फक्त गिटारपर्यंत न्यायची.

‘फिरदौस’ही एका शोधाची गोष्ट आहे. गंमत अशी, की गाणी गोष्टीच्या क्रमाने लावलेली नाहीत. क्रम ऐकणाऱ्यानेच जुळवायचा. म्हणून एखादे गाणे उचलून भागत नाही, पुन्हा पुन्हा सगळे ऐकावे लागते. भांडी घासताना मागे चालू ठेवण्याचे हे संगीत नव्हे.

शिक्षक म्हणून मी अडकतो ते गाण्यांच्या नावांपाशी. ‘माया’ आणि ‘मुक्ती’ आहेत, आणि त्यांच्याच शेजारी ‘हम ही खुदा’ आणि ‘राह-ए-फिजा’. ‘हम ही खुदा’ वाचून कुणी दचकेल. त्याने मन्सूर हल्लाज आठवावा. ‘अनल हक’ म्हटल्याबद्दल ९२२ मध्ये बगदादला त्याला ठार केले, आणि पुढे शेकडो वर्षे सूफी कवी त्याचेच नाव घेत राहिले. आपल्या बाजूला ‘अहं ब्रह्मास्मि’ आहेच.

‘राह-ए-फिजा’मधला तो ‘ए’ म्हणजे इजाफत, दोन शब्द जोडणारा फारसी दुवा. उर्दूच्या तासाला मी तो शिकवतो, तेव्हा मुलांना ‘किल्ले रायगड’ लिहून दाखवतो. तो ‘किल्ले’ अनेकवचनी नाही, ती इजाफत आहे. आमच्याकडच्या जमिनीच्या कागदांवर ‘मौजे भाईंदर’ असते, तिथेही तीच. पुढच्या तासाला मराठी शिकवताना हाच खडू, हेच उदाहरण.

म्हणूनच हा अल्बम मला महत्त्वाचा वाटतो. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू आहे, यावरून वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाला सांगावे लागले. त्याच्या बारा वर्षे आधी मुंबईच्या चार मुलांनी ‘फिरदौस’ आणि ‘मुक्ती’ एकाच अल्बमवर छापले होते, आणि शब्द कोणाचा हे कुणाला विचारले नव्हते.

ऐकायचा असेल तर मीरा रोडहून चर्चगेटची लोकल बरी. कानात हेडफोन, फोन खिशात. पहिल्या फेरीत गोष्ट कळणार नाही. संध्याकाळी परतताना पुन्हा लावा.