बंदासिंग बहादूर

बंदासिंग बहादूर (२७ ऑक्टोबर १६७०–९ जून १७१६) : पंजाबात मोगलांविरुद्ध लढून पहिली शीख राजसत्ता स्थापन करणारा सेनानी. जन्म राजौरी येथे; मूळ नाव लछमनदेव. पुढे माधोदास बैरागी म्हणून नांदेडला गोदावरीकाठी मठ करून राहिला. तेथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी (⟶ गोविंदसिंग, गुरू) त्याला दीक्षा देऊन पंजाबात पाठविले.

समाणा व सढौरा जिंकल्यावर मे १७१० मध्ये आजच्या चंडीगढलगत, मोहाली जिल्ह्यातील छप्पर चिडी येथे निर्णायक लढाई झाली. सरहिंदचा फौजदार वजीरखान याच्याकडे तोफा व हत्ती होते. बंदाच्या फौजेत बहुतांशी शेतकरी व कारागीर. वजीरखान मारला गेला आणि सरहिंद पडले.

लोहगड ही बंदाची राजधानी. त्याने गुरूंच्या नावे नाणी पाडली, जमीनदारी मोडून कसणाऱ्यांना जमिनी दिल्या. त्याच्या सत्तेचे वेगळेपण लढायांपेक्षा यात अधिक आहे. बहादुरशाहाने (⟶ बहादुरशाह, पहिला) डिसेंबर १७१० मध्ये लोहगड घेतला, पण बंदा निसटला. गुरदास नंगल येथील सुमारे आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर डिसेंबर १७१५ मध्ये तो पकडला गेला व दिल्लीत मारला गेला. छप्पर चिडी येथे २०११ मध्ये ३२८ फूट उंचीचा फतेह बुर्ज उभारण्यात आला.