लक्ष्मी आश्रम, कौसानी

उत्तराखंडातील कौसानी (आता जि. बागेश्वर, पूर्वी अल्मोडा) येथे १९४६ साली सुरू झालेली मुलींची निवासी शिक्षणसंस्था. संस्थापिका सरलाबहन (१९०१–१९८२) मूळच्या लंडनच्या. पूर्वीचे नाव कॅथरीन मेरी हाइलमन. १९३२ मध्ये त्या भारतात आल्या. पुढे वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहून त्यांनी नई तालीमचे (हाताच्या कामातून शिक्षणाचे) काम केले. मलेरियाने तब्येत खालावली, तेव्हा १९४१ मध्ये त्या कुमाऊँत आल्या. ‘भारत छोडो’च्या काळात तुरुंगातल्या सत्याग्रहींच्या कुटुंबांची विचारपूस करत त्या डोंगरवाटांनी गावोगाव हिंडल्या, त्यांनाही तुरुंगवास घडला.

या पायपिटीत त्यांना डोंगरी बाईचे जिणे जवळून दिसले. पुरुष रोजगारासाठी मैदानात उतरलेले. शेत, गुरे, सरपण, चारा, पाणी सारे तिच्या अंगावर. आश्रमशाळेची घडण यातूनच झाली. मुली शेती, गोपालन, सूतकताई करत शिकत. जंगल राखायचे तर ज्यांचा दिवस जंगलात जातो त्यांनाच निर्णयाचा अधिकार हवा, ही समज या शिक्षणातून आली. आश्रमाचे सर्वांत मोलाचे देणे हेच मानावे लागेल.

आश्रमात घडलेल्या विमला नौटियाल यांनी पुढे झाडे वाचवण्याच्या चिपको आंदोलनाचे नेते ठरलेल्या सुंदरलाल बहुगुणांशी लग्न करताना पक्षीय राजकारण सोडून खेड्यात राहण्याची अट घातली. १९५६ मध्ये विवाह झाला आणि टिहरीतील सिल्यारा येथे दोघांनी आश्रम उभारला. साठच्या दशकात सर्वोदय कार्यकर्त्यांच्या साथीने डोंगरातल्या स्त्रिया दारूबंदीसाठी धरणे धरून बसल्या. चिपको आंदोलनाआधीच अहिंसक प्रतिकाराची सवय अशी अंगवळणी पडली होती. २६ मार्च १९७४ रोजी चमोली जिल्ह्यातल्या रेणी गावात गौरादेवी व त्यांच्या सोबतिणींनी झाडे तोडायला आलेली ठेकेदाराची माणसे परतवली. या स्त्रिया आश्रमाच्या विद्यार्थिनी नव्हत्या. चमोलीत संघटनेचे काम चंडीप्रसाद भट्ट यांच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाने केले होते. चिपकोचे सारे श्रेय कौसानीला देणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

सरलाबहननंतर राधा भट्ट यांनी आश्रमाची धुरा वाहिली. बालविधवा म्हणून इथे आलेल्या बसंतीदेवींनी पुढे कोसी नदीच्या खोऱ्यात महिला मंडळे बांधली. ओले लाकूड तोडायचे नाही, वणवा लागला तर सगळ्यांनी मिळून विझवायचा, असे नियम त्या बायकांनी आपणहून ठरवून घेतले. बसंतीदेवींना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.