मृगाचा मासा, चढणीचा मासा

मृग नक्षत्र लागते त्या दिवशी, म्हणजे 7-8 जूनच्या सुमारास, तेलंगणात मासळी खाण्याची प्रथा आहे. पावसाळी गारठ्याआधी अंगात ऊब यावी म्हणून, असे त्याचे कारण सांगतात. हैदराबादेत तर याच दिवशी दमेकऱ्यांना मरळीच्या जिवंत पिल्लातून औषध देतात. पण ऊब हवी तर ती श्रावणातही हवीच. मग नेमका मृगच का? आदिलाबाद जिल्ह्यातल्या, पैनगंगेजवळच्या जैनथसारख्या गावाचे वर्ष डोळ्यांपुढे आणले की उत्तर पाण्यात सापडते. मे महिन्याच्या शेवटी तळी आटलेली असतात, नदीचे डोह तेवढे उरतात आणि मासा थोड्या पाण्यात दाटलेला असतो. वर्षातली सर्वांत कमी कष्टाची मासेमारी ती हीच. मानाचा मासा मरळ, हाही पुरावाच आहे. मरळ पाण्यावर येऊन हवा घेते, म्हणून आटत्या चिखलपाण्यात इतर मासे मरतात तेव्हाही ती तग धरते. मृगाचे ताट हे सरत्या उन्हाळ्याच्या पाण्याचे ताट आहे, असे माझे मत आहे.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत सगळे पालटते. ओढ्यांना गढूळ पाणी येते आणि अंडी घालायला मासा प्रवाहाविरुद्ध उथळ पाण्याकडे निघतो. हे चढणीचे मासे. उत्तर अमेरिकेतल्या सरोवरांवर बर्फ वितळल्यावर हेच घडते: वॉलाय मासा काठच्या उथळ, दगडाळ पाण्यात अंडी घालायला येतो. तिथल्या मिनेसोटा राज्यात त्याची मासेमारी फेब्रुवारीअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत बंद असते. आपल्याकडे मात्र मृगाची आणि चढणीची मासेमारी एकाच हंगामात गणली जाते, आणि खरे नुकसान या चढणीच्या मासेमारीत आहे. मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे यांनी 1873 च्या अहवालात गोड्या पाण्यातल्या मासळीच्या ऱ्हासाची कारणे मांडताना अंड्यावरच्या माशांची आणि पिल्लांची कत्तल ठळकपणे दाखवली होती. 1897 च्या कायद्याने सुरुंगाची दारू आणि विष घालून मासे मारण्याला बंदी केली. चढणीच्या वाटेवर आडवे लावलेले जाळे त्या बंदीत आले नाही.

यावर कोणी म्हणेल, मृगाआधी पकडलेली मरळही उद्या अंडी घालणारीच होती. खरे आहे. म्हणूनच काही डोह न उपसता राखणे हा त्या मासेमारीचा आवश्यक भाग ठरतो. रायगडातल्या वाळणकोंडीसारख्या ठिकाणी देवाचे मासे म्हणून जे सांभाळले गेले, त्याचा व्यावहारिक अर्थ बियाणे राखणे हाच आहे. दुसरा आक्षेप गरिबीचा. शेताच्या बांधाशी हाताने मिळणारा मासा ही कित्येक घरांची फुकटची मेजवानी असते. ती कोणी हिरावू नये; पण टोपलीभर मासे वेचणे वेगळे आणि ओढ्याची अख्खी रुंदी बारीक जाळ्याने अडवणे वेगळे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो: आता माशांचे बीज मत्स्यबीज केंद्रातून येते, नदीची गरज काय? हिरालाल चौधरी यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशात संप्रेरक टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले, त्यातून पुढे रोहू-कटल्याचे बीज केंद्रांत तयार होऊ लागले. तेलंगणा सरकारही तलावांत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडते. पण सोडली जातात ती मुख्यतः कार्पची. वाम, शिंगटा, खवल्याचे लहान मासे यांची भिस्त अजून ओढ्यांवरच आहे. सातनाल्यावरचे धरण, पैनगंगेवरचा चनाखा-कोरटाचा बंधारा यांनी पाणी अडवले, तशी माशांची वाटही अडवली. त्यात इथे पैनगंगेचा एक काठ यवतमाळचा, दुसरा आदिलाबादचा. एका काठाने राखलेला मासा दुसऱ्या काठाने धरला तर राखण्याला अर्थ उरत नाही. मृगाचा मासा खुशाल खावा. त्यानंतरचे चढणीचे दिवस मात्र दोन्ही काठांनी मिळून माशांना सोडावेत. तसे झाले नाही, तर मृगाच्या ताटात फक्त केंद्रातला मासा उरेल.